आधी कोणता पाणलोट?

मृद्‌संधारणाचा निधी मोजका असतो. मग बांधबंदिस्ती आधी कुठे करायची?

याचं उत्तर शोधायला उपग्रह मदत करतात. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने एकाच जागेची दोन कोनांतून चित्रं घेतली. त्यांवरून उंचसखलपणाचा नकाशा बनतो. रिसोर्ससॅट हा उपग्रह हिरवं आच्छादन दाखवतो. निरोगी पानं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात, त्यामुळे उघडी पडलेली जमीन लगेच वेगळी ओळखू येते. उतार, माती, पाऊस, आच्छादन हे सारे थर एकमेकांवर ठेवले, की कोणत्या पाणलोटातली माती वाहून जाण्याचा धोका सर्वाधिक आहे, ते समजतं. काम आधी तिथेच व्हायला हवं, मग ते गाव कुणाचंही असो. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी उपग्रहचित्रांवरून नकाशे तयार करतं.

मात्र रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे साडेतेवीस मीटरचा. लहान घळ त्यात हरवते. ती गावच्या गुराख्यालाच ठाऊक असते. म्हणून ग्रामसभेत आपल्या पाणलोटाचा नकाशा मागा, तो घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवारफेरी करा आणि राहिलेल्या घळी त्यावर नोंदवून घ्या.