परिचारिकांचा सन्मान आणि समान न्याय
(व्याख्यानाचा सारांश)



रुग्णसेवेचा गौरव आपल्या समाजात मुक्तकंठाने केला जातो. परंतु सेवा करणारीच्या हक्कांचा विचार त्या मानाने फार थोडा होतो. परिचर्या हे दयेचे कार्य आहे, तसेच ते शिक्षण, कौशल्य व जबाबदारी यांवर उभे असलेले शास्त्रही आहे.

या उपेक्षेची मुळे जुनी आहेत. बाळंतपण विटाळाचे मानले गेल्याने नाळ कापण्याचे काम बहुधा खालच्या मानलेल्या जातींतील सुईणीकडे आले. अडलेल्या वेळी तिचा हात हवा असे, एरवी तिचा स्पर्श वर्ज्य असे. पुढे रुग्णालये आली, तरी घरंदाज कुटुंबे मुलींना या व्यवसायात पाठविण्यास कचरत. अशा काळात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांसह अनेक स्त्रियांना परिचारिका-शिक्षणाची वाट दाखविली.

स्वातंत्र्यानंतरही भेदभाव सरला नाही. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीस विवाह केल्याच्या कारणावरून 1988 मध्ये सेवामुक्त करण्यात आले. तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो नियम उघड लिंगभेदाचा ठरवून तिला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला; मात्र मधली 36 वर्षे परत मिळाली नाहीत.

वेतनाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधील निर्देशानुसार केंद्र शासनाने समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतके वेतन असावे. 100 हून अधिक खाटा असल्यास ते 10 टक्क्यांहून अधिक कमी नसावे. 50 ते 100 खाटांसाठी ही मर्यादा 25 टक्के असावी. आणि 50 हून कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत. रजा, कामाचे तास, वाहतूक व निवास यांतही शासकीय सेवेशी समानता सुचविली गेली. परंतु शिफारस म्हणजे अंमलबजावणी नव्हे. एकाच कक्षात, एकाच रात्रपाळीत कायम व कंत्राटी परिचारिका तेच काम करतात, पण दोघींच्या हाती पडणारी रक्कम वेगळी असते.

धर्मादाय रुग्णालयांनी या बाबतीत विशेष दक्ष राहणे उचित ठरेल. निधी अपुरा असल्याचे कारण पुष्कळदा सांगितले जाते. दात्याने स्वेच्छेने दिले ते दान होय. परिचारिकेच्या वेतनातून वाचविलेल्या पैशास दान कसे म्हणावे? लेखी नियुक्तिपत्र, समान कामास समान वेतन, रात्रपाळीचे नियमबद्ध वाटप, 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची झालेली प्रसूतिरजा, तसेच 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती या गोष्टी उपकार नव्हेत, कर्तव्ये आहेत.

इतरांच्या प्रसूतीसाठी रात्र जागविणाऱ्या स्त्रीस स्वतःच्या प्रसूतीमुळे नोकरी जाण्याचे भय वाटू नये, एवढी निश्चिंती तिला देणे हाच तिचा खरा सत्कार होय.