कांद्याच्या धंद्यात भरवसा कुणाचा?

नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं घोडेगाव म्हणजे नेवासे तालुक्यातला कांद्याचा मोठा बाजार. गोणी फोडून व्यापारी चार कांदे हातावर घेतो, रंग आणि पत्ती बघतो, बोली लावतो. माल असा पारखता येतो. सरकारचा पुढचा आदेश कसा पारखणार?

१९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ला ती खुली झाली, पण टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि शुल्क डोक्यावर होतंच. ते पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्याआधी, ऑक्टोबर २०२०मध्ये, घाऊक व्यापाऱ्याला साठ्याची मर्यादा होती २५ टन, म्हणजे एका मोठ्या ट्रेलरात मावेल एवढी!

अशा धंद्यात शीतगृह किंवा प्रतवारीचं यंत्र घ्यायला कर्ज कोण काढेल? त्याचे हप्ते वर्षानुवर्षं चालतात, आदेश मात्र रातोरात फिरतो. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्यच. पण त्याची किंमत दरवेळी शेतकरी आणि छोट्या व्यापाऱ्यानेच का मोजावी? निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका, एवढंच मागणं आहे.