रंगाच्या कारखान्यापासून प्रकाशोपचारापर्यंत



मूत्राशयाच्या कर्करोगावरचा प्रकाशोपचार हा विषय, आणि परिषद ठाण्याच्या कोलशेतला? बऱ्याच जणांनी विचारलं. आज इथे टॉवर दिसतात, पण काल-परवापर्यंत या रस्त्याला रंग-रसायनांचे कारखाने होते. आणि या रोगाची एक जुनी नोंद रंगाच्याच कारखान्यातली आहे. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी दाखवून दिल्या. गंमत अशी, की १९०० मध्ये म्युनिकच्या ऑस्कर राबने अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्यातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात हे प्रसिद्ध केलं. म्हणजे औषध आणि उजेड मिळून पेशी मारणाऱ्या प्रकाशोपचाराचं बीजही रंगातच निघालं!

१९९३ साली कॅनडाने या रोगासाठी फोटोफ्रिन या प्रकाशाने जागं होणाऱ्या औषधाला मान्यता दिली. पण ते शिरेतून द्यायचं, मग महिना-दीड महिना ऊन टाळायचं. मे महिन्यात रस्त्याकडेला पाटी मांडून मासे विकणाऱ्या मावशीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय काहींचं मूत्राशय आक्रसायचं. त्यामुळे बीसीजीच पुढे राहिली. क्षयाची ही लस मूत्राशयात सोडण्याचा अनुभव मोरालेस यांनी १९७६ साली मांडला. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते.

पण बीसीजी लागू पडली नाही, तर बहुधा मूत्राशय काढण्यावरच गोष्ट येते. म्हणून टोरांटोच्या प्रयोगाकडे माझं लक्ष आहे. रुथेनियमचं औषध नळीने थेट मूत्राशयात सोडतात, तासाभराने धुऊन काढतात, मूत्राशय पाण्याने फुगवून आत हिरवा लेझर लावतात. औषध आतल्या आत राहतं, उन्हाची धास्ती उरत नाही. अजून हे चाचणीच्याच पायरीवर आहे, तेव्हा कुणी रुग्णाला आजच आशेला लावू नये.

पण कुठल्याही उपचारासाठी रुग्ण वेळेवर यायला हवा. आमच्याकडे लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, की माणूस ‘उष्णता झाली’ म्हणून धण्याचं पाणी पितो आणि गप्प बसतो. अशाने वरवरचा रोग खोल जातो, मग कुठला लेझर आणि काय!

दुपारच्या सत्राला इथल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांतले, गावातले काही निवृत्त कामगार मुद्दाम बोलावलेत. विडी-सिगारेटचं तुम्ही विचारालच, कारण खरी मोठी गुन्हेगार तीच. पण कुठल्या खात्यात, किती वर्षं काम केलं, तेही विचारा. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.