लेखी द्या, मग बघू



“लेखी द्या, मग बघू.” क्रीडा मंडळांच्या कार्यालयात हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. सचिव दिवसभर नोकरी करतो, संध्याकाळी मैदानावर येतो, पदरमोड करून मॅट आणतो, मुलांच्या प्रवासाची तिकिटं काढतो. त्याच्याकडे एखादी आई येते आणि चाचरत म्हणते, “सर मुलीला रात्री फार मेसेज करतात. मला बरं वाटत नाही.” तो विचारतो, “काही झालंय का?” ती म्हणते, “तसं काही नाही.” मग ते वाक्य येतं. आई लेखी देत नाही. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी असते आणि निवड समितीवर तेच सर असतात.

मंडळाच्या दप्तरी या भेटीची नोंदही होत नाही. दोन वर्षांनी दुसरी आई येते, तिलाही वाटतं की ही शंका आपल्यालाच पहिल्यांदा आली.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात मुलींसाठी जिम्नॅस्टिक्सचा वर्ग चालत असे. तिथे शिकणाऱ्या 16 वर्षांच्या एका मुलीने 1997 साली, उपचाराच्या नावाखाली डॉक्टर काय करतो, हे आपल्या प्रशिक्षिकेच्या कानावर घातलं होतं, असं तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. तुझाच काहीतरी गैरसमज झाला असेल, अशी त्या वेळी आपली समजूत घालण्यात आली, असं तिचं म्हणणं. तो डॉक्टर म्हणजे लॅरी नासर. त्याला अटक व्हायला 2016 साल उजाडलं. जानेवारी 2018 मध्ये लैंगिक अत्याचारांबद्दल त्याला शिक्षा सुनावण्याआधी दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात बोलल्या. मधल्या एकोणीस वर्षांचा हिशेब कोण देणार?

त्याच 2016 साली ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्राने अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या कारभाराचा शोध घेतला. पन्नासहून अधिक प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारींच्या फायली महासंघाकडे होत्या. पण खेळाडू, पालक किंवा प्रत्यक्ष पाहणारा यांच्या सहीची तक्रार नसेल, तर ती ऐकीव गोष्ट समजून पुढे न पाठवण्याची तिथली रीत होती. म्हणजे आपलंच “लेखी द्या”, फक्त चकचकीत कार्यालयातलं.

आता आपला कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण मंडळं चालवणाऱ्या पुष्कळांना तो ठाऊक नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळाबद्दल आहे. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलं पाहिजे. प्रत्येकाने, म्हणजे सचिवाने, सहप्रशिक्षकाने, मैदानाच्या रखवालदारानेसुद्धा. पुरावा गोळा करणं हे त्यांचं काम नाही, तो तपास पोलिसांचा. मुलाच्या आईवडिलांच्या सहीची वाट पाहायला कायदा सांगत नाही. न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट, सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

पालकांना खरी भीती पोलीस ठाण्याची असते. मुलीला चौकीवर बसवतील, चारचौघांत नाव खराब होईल. कायदा करणाऱ्यांनी ही भीती ओळखली होती. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नसावा, असं कलम 24 मध्ये लिहिलेलं आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख उघड करण्यालाही बंदी आहे. ठाण्यावर हे पाळलं जात नसेल, तर कलमाचा आकडा सांगून मागा.

मंडळं आणखी एक गोष्ट करतात, तिचा मला सर्वांत जास्त राग येतो. “दोघांना समोरासमोर बसवू आणि मिटवून टाकू.” तेरा वर्षांची मुलगी, समोर तिचे सर, बाजूला अध्यक्ष, खजिनदार, गावातले दोन वजनदार काका. त्या खोलीत ती काय बोलणार? ती म्हणते, “नाही, काही नाही.” आणि मग तिचं तेच वाक्य सर्वत्र सांगितलं जातं. अशी बैठक घेऊ नका. मुलाने काही सांगितलं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘गैरवर्तन केले’ असं गुळगुळीत लिहू नका. मूल म्हणालं असेल, “सर मालिश करायला एकट्यालाच खोलीत बोलावतात,” तर तेच वाक्य लिहा आणि पोलिसांना कळवा.

प्रशिक्षकाची नाहक बदनामी होईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. पण बदनामी होते ती कट्ट्यावरच्या कुजबुजीतून. ठरलेल्या माणसाकडे, ठरलेल्या वहीत, तारखेनिशी गेलेली गोष्ट निर्दोष माणसालाही वाचवते.

सगळ्या तक्रारी लैंगिक छळाच्या नसतात. तालमीत वजनगट साधायला पोरांचं पाणी तोडलं जातं, उन्हात जाड जर्सी घालून पळवलं जातं. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सुमारे महिनाभरात, वजन उतरवताना महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर दगावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. आपल्याकडे “वस्तादांना काय कळत नाही का?” एवढ्यावर विषय बंद होतो. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे हाल केले, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 लागू होऊ शकतं. छडीने मारणं हे शिस्तीच्या नावाखाली खपवलं जातं, तेही इथे आलं. कधी धोका माणसाचा नसतो, बांधकामाचा असतो. मार्च 2021 मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभरावर माणसं जखमी झाली. रात्रीच्या सामन्यांसाठी आपण अशाच गॅलऱ्या बांधतो. खांब हलतोय हे दिसलं तर सांगायचं कोणाला, हे किती स्वयंसेवकांना माहीत असतं?

अठरा वर्षांवरील महिला खेळाडूंसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा ही त्या कायद्याच्या दृष्टीने कामाचीच ठिकाणं आहेत. मंडळात दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन.

माझं मागणं एकच आहे. प्रत्येक मंडळाने एक माणूस नेमावा, ज्याचा संघनिवडीशी काडीचा संबंध नसेल. निवृत्त शिक्षिका चालेल, गावातली परिचारिका चालेल, प्रशिक्षकाची नातलग मात्र नको. इंग्लंडमध्ये मुलांचे संघ असलेल्या फुटबॉल क्लबांना असा कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. आपल्याकडे त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको, कार्यकारिणीच्या एका ठरावात काम होतं. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर उन्हाळी शिबिराच्या प्रवेश अर्जावरच छापा, पालकांच्या सहीच्या वरच्या ओळीत, म्हणजे सही करताना तो वाचला जाईल. आणि त्याखाली 1098 छापा. ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं.