एकच नाव, निराळ्या तबकड्या

बीटल्सचा ‘रबर सोल’ डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये आला तेव्हा त्यावर १४ गाणी होती. त्याच महिन्यात अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या तबकडीवर १२च. ब्रिटिश तबकडी ‘ड्राइव्ह माय कार’ने सुरू होते. अमेरिकन तबकडीवर ते गाणंच नाही! तिथे सुरुवातीला आहे ‘आय’व्ह जस्ट सीन अ फेस’, जे ब्रिटनमध्ये आधीच्या ‘हेल्प!’वर येऊन गेलं होतं. अमेरिकेत दर गाण्यामागे रॉयल्टी मोजावी लागे. गाणी कमी ठेवली की पैसे वाचत, आणि उरलेल्या गाण्यांतून आणखी एक अल्बम उभा राहत असे.

हिशेब निव्वळ धंद्याचा होता. पण चार गाणी गेली, दोन आली आणि अमेरिकन अल्बमला लोकसंगीताचा एकसंध बाज आला. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ऐकला तो हाच, आणि भारावून जाऊन तो ‘पेट साउंड्स’ या अल्बमकडे वळला. म्हणून ‘अस्सल तेवढी ब्रिटिश आवृत्ती’ असं म्हणणाऱ्या संग्राहकांशी माझं पटत नाही. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमपुरतं मात्र मी त्यांच्याच बाजूचा. त्याच्या अमेरिकन आवृत्तीतून जॉन लेननची तीन गाणी काढली आणि त्याच्या वाट्याला दोनच उरली.

ती तीन गाणी गेली जून १९६६च्या ‘येस्टरडे अँड टुडे’वर. त्याच्या पहिल्या कव्हरवर चौघे पांढऱ्या अंगरख्यांत, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या घेऊन बसलेले. ओरड झाली, प्रती परत मागवल्या गेल्या आणि कित्येक कव्हरांवर ट्रंकेचं साधं छायाचित्र चिकटवून त्या पुन्हा बाजारात आल्या. अशी प्रत हाती आली तर उजवीकडचा पांढरा भाग उजेडात धरून पाहा. रिंगोच्या स्वेटरचा काळा त्रिकोण खालून पुसटसा दिसतो. संग्राहक मूळ प्रतीला ‘फर्स्ट स्टेट’, चिकटवलेलीला ‘सेकंड स्टेट’ आणि सोललेलीला ‘थर्ड स्टेट’ म्हणतात. सोलण्याच्या नादात अनेकांनी कव्हरं फाडली. माझं ऐकाल तर सोलू नका. चिकटवलेला कागद हाही त्या अल्बमच्या इतिहासाचाच भाग आहे.

आता आपल्या देशाकडे येतो. ब्रिटनमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडल्या होत्या. भारतात घरोघरी वीज नव्हती, किल्लीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून इथे बीटल्ससुद्धा ७८च्या तबकडीवर निघाले. जगभरचे संग्राहक आज त्या शोधतात, आणि आपल्याकडे मात्र जुन्या तबकड्या माळ्यावरून थेट भंगारात जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरी अशी तबकडी असेल, तर ती एलपीच्या सुईने वाजवू नका. ७८ची खाच रुंद असते, बारीक सुई तिच्यात तळाला घासते. तबकडी उभी ठेवा, वर ओझं नको. आणि पुसायला स्पिरिट मुळीच घेऊ नका, कारण या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते.