कार्यक्रमात नसलेला दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी 'प्रवासातलं काहीतरी सांग' म्हटलंय आणि पाच मिनिटं दिली आहेत. तेव्हा अख्खा युरोप न सांगता एकच दिवस सांगतो, तोही आमच्या कार्यक्रमात नसलेला.

आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला गेलो होतो, तिथून इटलीला. परतताना फ्लॉरेन्सहून आमचं विमान रद्द झालं. दुसऱ्या दिवशीचं मिळालं. चर्च, चित्रं, पुतळे सगळं पाहून झालेलं. हिचे पाय दुखत होते. म्हटलं, कुठेतरी झाडाखाली बसू. हॉटेलवाल्याने कास्चिने बागेचं नाव सांगितलं आणि आम्ही भारतातले कळल्यावर म्हणाला, "मग टोकापर्यंत जा, तुमचा 'इंडियानो' आहे तिथे."

अर्नो नदीच्या काठाने ही बाग तीनेक किलोमीटर लांब आहे. तिच्या अगदी शेवटी मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. तिथे एक छत्री आणि तिच्याखाली एका तरुणाचा अर्धपुतळा. हे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे राजाराम छत्रपती! १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथे तेव्हा दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून त्यांना या जागी अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये हे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही त्यांचाच.

ही म्हणाली, "एवढ्या मोठ्या शहरात नेमकी हीच जागा का?"

मला विचार करावा लागला नाही. सर, आठवीत तुम्ही आम्हाला सांगलीहून हरिपूरला चालत नेलं होतं. वारणा कृष्णेला मिळते तिथे उभं करून दोन पाण्यांचे रंग दाखवले होते. आणि मी तर मूळचा साताऱ्याचा. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माझ्या वडिलांच्या अस्थी सोडल्या आहेत. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, त्या माणसांनी आपल्या राजासाठी संगम शोधून काढला होता.

जवळच एक मोठा पूल आहे, १९७० च्या दशकातला. त्याचं नावही 'इंडियानो'वरूनच. सांगलीत आपण एका इंग्रज व्हाइसरॉयच्या नावाच्या आयर्विन पुलावरून ये-जा करतो. तिथले लोक आपल्या माणसाच्या नावाच्या पुलावरून कामाला जातात.

आता खरं सांगतो. मुलगा चार वर्षं मागे लागला होता, 'इकडेच राहायला या.' मी म्हणायचो, माहुली सोडून कुठे येऊ? आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज हाच विषय आहे, मला माहीत आहे. खरी भीती तिकडे राहण्याची नव्हती, तिकडे मरण्याची होती. त्या बाकावर तासभर बसल्यावर ती निम्मी उतरली. सगळी उतरली असं म्हणत नाही.

तर सहा महिने तिकडे आणि सहा महिने साताऱ्यात, असं आम्ही ठरवलंय. त्यामुळे संयोजकांना एकच विनंती: पुढच्या मेळाव्याची तारीख जरा आधी कळवा, तिकीट काढावं लागेल.