शाळा सोडल्याचे कारण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सामान्यतः थोर विषयांची चर्चा होते. मी आज आपल्यापुढे एक साधा कागद ठेवणार आहे. हा कागद येथे जमलेल्या बहुतेकांच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी किंवा एखाद्या जुन्या फायलीत, जपून ठेवलेला असेल. तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक यांचे रकाने असतात, आणि शेवटाकडे आणखी एक रकाना असतो : 'शाळा सोडल्याचे कारण'. त्या रकान्यात बहुधा 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले आढळते. त्याने कारकुनाचे काम भागते. परंतु दाखला घेऊन जाणारा मुलगा जर खेळाडू असेल, तर मात्र तेवढ्याने भागत नाही. जून महिन्यात त्याने शाळा बदलली, तर ऑगस्टात नव्या शाळेच्या संघातून त्याला खेळू द्यावे की नाही, हा आजचा माझा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, यात प्रश्न कसला? शाळा बदलली, नाव पटावर चढले, मुलगा खेळेल. आपण तीन मुलांचे उदाहरण कल्पून पाहू. पहिल्याचे वडील एस्. टी.त कंडक्टर आहेत. त्यांची बदली गारगोटीहून कोल्हापुरास झाली आणि मुलगा त्यांच्याबरोबर आला. दुसरी मुलगी कुस्ती खेळते. तिच्या गावच्या शाळेत मुलींना कुस्ती शिकवणारे कोणी नाही, म्हणून ती मावशीकडे राहून शहरातल्या शाळेत शिकू लागली. तिसरा मुलगा फुटबॉलमध्ये चमकलेला आहे. गेल्या वर्षी ज्या शाळेविरुद्ध त्याने तीन गोल केले, त्याच शाळेने त्याच्या वडिलांची गाठ घेतली. फी माफ, बूट आमचे, राहण्याची सोय आमची, असे ठरले. या तिघांच्या दाखल्यांवर एकच कारण लिहिलेले असेल : 'पालकांच्या विनंतीवरून'. तिन्ही ठिकाणी ते अक्षरशः खरेही आहे. मात्र तिघांचा न्याय एकाच मापाने करता येईल काय?

शाळेच्या संघातली जागा ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. आपल्या राज्यात शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत खेळाडू राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जातो. भारतीय शालेय खेळ महासंघाची स्थापना 1954 सालची, म्हणजे ही शिडी काही काल उभी राहिलेली नाही. परंतु तिच्या पायऱ्यांना आता मोल आले आहे. शालान्त परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. 2005 पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारी कामगिरी वरच्या पातळीवरची असते हे खरे, पण तिची वाट शाळेच्या मैदानावरूनच निघते. अकरा जणांच्या संघात बारावा कोण उरला, या गोष्टीला आज एका कुटुंबाच्या दृष्टीने अर्थ आहे.

आपल्याकडच्या नियमांचा भर मुलाच्या वयावर आणि तो त्या शाळेत खरोखर शिकतो की नाही यावर असतो. वय चोरण्याचा रोग जुना आहे. त्यासाठी 2010 साली केंद्र शासनाने स्वतंत्र संहिताच काढली. मात्र शाळाबदलाचा प्रश्न वेगळा आहे. वय चोरणे ही उघड लबाडी आहे. शाळा बदलणे ही लबाडी नव्हे, तो मुलाचा हक्क आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलण्याचा अधिकार दिला आहे, आणि मुख्याध्यापकाने दाखला विनाविलंब दिला पाहिजे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चांगला खेळाडू हातचा जातो म्हणून दाखला अडवून ठेवणे हे त्या वयाच्या मुलाच्या बाबतीत कायद्याच्या विरुद्ध आहे.

या प्रश्नावर सर्वांत अधिक खल अमेरिकेत झालेला आहे. तेथे प्रत्येक राज्यात हायस्कुलांच्या खेळांची एक संघटना असते. कुटुंबाने घर न बदलता मुलाने शाळा बदलली, तर त्याने साधारण एक वर्ष मुख्य संघातून खेळू नये, असा नियम तेथील अनेक राज्यांत दीर्घकाळ चालत आला. हेतू चांगला होता. श्रीमंत शाळांनी गरीब शाळांचे खेळाडू उचलू नयेत, एवढाच तो हेतू. अलीकडे काही राज्यांनी हे बंधन सैल केले. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2023 साली कायदा करून विद्यार्थ्याला एकदा मोकळेपणी शाळा बदलण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या हंगामात काही शाळांकडे खेळाडूंची रीघ लागली आणि तेथील फुटबॉलचे सामने एकतर्फी होऊ लागल्याची ओरड झाली. दार बंद ठेवावे तर मूल अडकते, आणि सताड उघडे ठेवावे तर लहान शाळा ओस पडते, असा हा पेच आहे.

एक वर्षाची बंदी आपल्याकडे आणावी, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. पण थोडा हिशेब करून पहा. सतरा वर्षांखालील गटात खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला आठवी, नववी, दहावी अशी जेमतेम तीन वर्षे येतात. त्यांतले दहावीचे वर्ष परीक्षेच्या छायेत जाते. मोठ्या माणसाने वर्षभर थांबणे आणि चौदा वर्षांच्या मुलाने वर्षभर थांबणे, ही एकच शिक्षा नव्हे. शिवाय ती नेमकी कोणाला बसते? तिसऱ्या मुलाच्या पाठीशी शाळा उभी असते. ती त्याचा पत्ता बदलून दाखवील, कागदपत्रे रंगवील. मावशीकडे राहणाऱ्या त्या मुलीपाशी असे काही नसते. कठोर नियमाच्या जाळ्यात पुष्कळदा अशीच साधी माणसे सापडतात.

आणि कोल्हापूरकरांनी तर या बाबतीत फार जपून बोलले पाहिजे. हे शहर बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनी मोठे केलेले आहे. 1901 साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यापाठोपाठ शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. गाव सोडल्याशिवाय विद्या मिळत नाही, हे ओळखून त्या राजाने गाव सोडणाऱ्या मुलाची सोय केली. 1912 साली खासबागचे मैदान बांधले, तेही काही केवळ शहरातल्या मल्लांसाठी नव्हे. आजही आपल्या तालमींत दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुले येऊन राहतात. उलटपक्षी आपली मुलेही बाहेर जातात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. कांबळवाडीतच बैस, असे कोणी त्याला म्हटले असते, तर आपण काय गमावले असते, हे सांगण्याची गरज नाही.

मग तिसऱ्या मुलाच्या बाबतीत काय बिघडले? तोही गरीब आहे. त्याला बूट मिळाले, फी माफ झाली, तर आपल्या पोटात का दुखावे? हा आक्षेप बिनतोड दिसतो, पण तो फक्त जाणाऱ्या मुलाकडे पाहतो. आणखी दोघांकडे पाहिले पाहिजे. एक, नव्या शाळेतला तो मुलगा, जो पाचवीपासून त्या मैदानावर घाम गाळत होता आणि नववीत आल्यावर ज्याची जागा बाहेरून आलेल्याला मिळाली. दुसरी, मागे राहिलेली ती खेड्यातली शाळा. तिथल्या क्रीडाशिक्षकाने चार वर्षे खपून एक खेळाडू घडवला. तो गेल्यावर संघ मोडला, आणि उरलेल्या दहा जणांचे तालुक्याच्या पुढे जाणे राहिले. न्याय करायचा तर तो या तिन्ही बाजूंचा व्हायला हवा.

येथे मला मदत आणि आमिष यांतला फरक सांगावासा वाटतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कराडच्या शाळेतून कोल्हापुरास राजाराम कॉलेजात आले. 1952 साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आपणा सर्वांना माहीत आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक त्यातून मिळाले. ही मदत होती. ती खेळाडूच्या गरजेकडे पाहून दिली गेली होती. आमिष देणाऱ्याची नजर ढालीवर असते. मुलाचा गुडघा दुखावला, तर पुढच्या वर्षी ती फी माफ राहील काय? या प्रश्नाच्या उत्तरावरून मदत कोणती आणि आमिष कोणते, हे ओळखता येते.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली गोष्ट, शाळा बदलली म्हणून मुलाला बसवू नये. एकाच वर्षी एकाच स्पर्धेत दोन शाळांकडून खेळू नये, एवढे बंधन त्याला पुरे. जाब विचारायचा तो ओढून नेणाऱ्या शाळेला. या बाबतीतही अमेरिकेचा एक धडा घेण्यासारखा आहे. टेनेसी राज्यातील ब्रेंटवूड अकॅडमी या शाळेच्या प्रशिक्षकाने, प्रवेश ठरलेल्या पण अजून शाळेत न आलेल्या आठवीच्या मुलांना सरावाला येण्याची पत्रे पाठवली. संघटनेने शाळेला दंड केला आणि तिच्या संघांना दोन वर्षे बाद फेरीतून वगळले. शाळा कोर्टात गेली. दहा वर्षे वाद चालून 2007 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचा नियम उचलून धरला. नियम टिकला हे योग्यच झाले. परंतु संघाला वगळले म्हणजे पुन्हा खेळायची राहिली ती मुलेच. म्हणून आपण शिक्षा अशी योजावी की ती संस्थेला झोंबेल : ढाल काढून घ्यावी, क्रीडा अनुदान थांबवावे, जबाबदार शिक्षकाला संघाबरोबर येण्यास मनाई करावी.

दुसरी गोष्ट, एका संघात त्या वर्षी नव्याने आलेले किती खेळाडू असावेत, याला मर्यादा घालावी. फुटबॉलच्या संघात असे दोनच घ्यावेत, असे म्हटले तर बदली झालेल्या कंडक्टरच्या मुलाची सोय होते आणि पाचवीपासून राबणाऱ्या मुलांच्या नऊ जागाही सुरक्षित राहतात.

तिसरी गोष्ट आपण आपल्या आखाड्याकडूनच शिकावी. मैदानात जोड लागते, तेव्हा निवेदक मल्लाचे नुसते नाव पुकारत नाही. गाव कोणते, तालीम कोणती, कोणत्या वस्तादांचा पठ्ठा, हे सारे तो सांगतो. शालेय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मात्र आजच्या शाळेचे नाव असते, आणि ज्या शाळेने मुलाला पहिल्यांदा मैदान दाखवले ती त्यातून पुसली जाते. प्रमाणपत्रावर आधीच्या शाळेचे आणि शिक्षकाचे नाव घालण्यास काय हरकत आहे? शासनाला यात फारसा खर्च नाही, पण खेड्यातल्या त्या शिक्षकाला पुढचा मुलगा घडवण्याची उमेद त्यातून येईल.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तक्रार झाली तर मुलाचे ऐकून घेण्याची व्यवस्था असावी. सामन्याच्या दिवशी सकाळी हरकत येते, पंच गोंधळतात, मुलगा गणवेश घालून रेषेबाहेर उभा राहतो, आणि निर्णय लागेपर्यंत स्पर्धा संपते, असे होता कामा नये. जिल्ह्याला तीन जणांची एक समिती असावी. त्यात स्पर्धेत भाग न घेणाऱ्या शाळेचा एक शिक्षक आणि एक पालक असावा. हरकत स्पर्धेपूर्वी ठरावीक मुदतीत यावी, निकाल आठवड्यात लागावा, आणि तो कारणांसह लेखी असावा. खाशाबांचीच गोष्ट पुन्हा सांगतो. हेलसिंकीच्या निवडीच्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. दाद मागायला जागा नसती, तर ते पदकही नसते. पण प्रत्येक मुलाला महाराज भेटत नाहीत, म्हणून नियमानेच ती जागा राखून ठेवावी लागते.

कोणी विचारतील, एवढे केल्यावर लबाडी थांबेल काय? सगळी थांबणार नाही. कारणाच्या रकान्यात खोटे लिहिणारे पुढेही लिहितील. पण त्या खोट्याचा भुर्दंड आज मुलावर पडण्याचा जो धोका आहे, तो टळेल आणि तो ज्याच्या त्याच्या पदरात पडेल. या सभेत पालक आहेत, संस्थाचालक आहेत, क्रीडाशिक्षकही असतील. त्यांना माझी विनंती एवढीच, की येत्या जूनमध्ये एखादा खेळाडू आपल्या शाळेच्या दाराशी आला, तर त्याला जरूर आत घ्या. मात्र त्याच्या जुन्या शिक्षकांना त्याच दिवशी एक पत्र लिहा, आणि आपल्या संघातला कोणता मुलगा त्याच्यामुळे बाहेर राहणार आहे, त्याला जवळ बोलावून आधी त्याच्याशी बोला. हे करायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.